माउस घेताना आधी हाताचं माप, मग खोक्यावरचा आकडा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जा नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडला, ‘एक माउस द्या’ म्हटलं की दुकानदार काउंटरवर एक खोका ठेवतो आणि म्हणतो, “हाऊ ली जा भाऊ, भारी शे!” खोक्यावर लाल-हिरव्या दिव्यांचं चित्र असतं आणि ठळक अक्षरात ‘७२०० डीपीआय’ लिहिलेलं असतं. आपण पैसे देतो आणि निघतो. चप्पल घेताना मात्र हाच गिऱ्हाईक दोन्ही पायांत घालून, दुकानात चार पावलं चालून बघतो. रोज सहा-आठ तास मुठीत राहणाऱ्या वस्तूलाही तेवढा वेळ द्यायला हरकत नाही. खोका फोडायला लावा आणि माउस हातात घ्या. निम्मी निवड तिथेच होते.

आधी काम ठरवा

सावदा-रावेरच्या केळी व्यापाऱ्याकडे टॅलीवर बिलं करणाऱ्याचा हात बहुतेक वेळ कीबोर्डवरच असतो. त्याला तीनशे-चारशे रुपयांचा साधा वायरचा माउस पुरतो, जास्त खर्चाची गरज नाही. सेतू केंद्रात दिवसभर फॉर्म भरणाऱ्याचं काम म्हणजे नुसते क्लिक. त्याला हलक्या दाबाची बटणं हवीत. लग्नपत्रिका करणारा डीटीपीवाला किंवा दागिन्यांची डिझाइनं काढणारा मुलगा माउसनेच रेघा ओढतो, त्यामुळे पुढचं सगळं त्याने नीट वाचावं. एमएस-सीआयटी करणाऱ्या विद्यार्थ्याला कुठलाही ठीकठाक माउस चालेल, फक्त तो हाताच्या मापाचा हवा.

हात मोजा

तळहात टेबलावर पसरा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. साधारण १७ सेंटिमीटरच्या आत असेल तर हात लहान, १७ ते १९ मध्यम आणि त्यापुढे मोठा. माउसची लांबी हाताच्या लांबीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असली की बहुतेकांना बरी वाटते. म्हणजे १८ सेंटिमीटरच्या हाताला पावणेअकरा सेंटिमीटरचा माउस. हा काही नियम नाही, पण अंदाजाला उपयोगी पडतो. लॅपटॉपच्या बॅगेत मावतो म्हणून घेतलेला चिमुकला माउस मोठ्या हाताच्या माणसाला दिवसभर चिमटीत धरावा लागतो आणि संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी कळ येते.

मापाइतकीच पकडही महत्त्वाची. काहीजण आख्खा तळहात माउसवर टेकवतात. त्यांना लांब आणि मागे उंच फुगवटा असलेला माउस लागतो. काहीजण बोटं वाकवून, पंजासारखी धरतात. त्यांना थोडा आखूड चालतो. काहींचा तळहात माउसला लागतच नाही, सगळं काम बोटांच्या टोकांवर. त्यांनी हलका आणि बुटका घ्यावा. आपली पकड ठाऊक नसेल तर कुणाला तरी आपला हात काम करताना बघायला सांगा. आपण स्वतः बघायला लागलो की हात मुद्दाम नीट ठेवला जातो आणि खरी पकड कळत नाही.

करंगळी आणि अनामिका कुठे जातात तेही पाहा. माउस अरुंद असेल तर ही दोन बोटं टेबलावर घासत राहतात. डावखुऱ्यांनी दोन्हीकडून सारखा असलेला माउस घ्यावा. उजव्या हातासाठी वळण दिलेला माउस डाव्या हातात कधीच बसत नाही, बटणं सेटिंगमध्ये अदलाबदल केली तरीही.

मनगट आधीच दुखत असेल तर उभा, म्हणजे व्हर्टिकल माउस बघण्यासारखा आहे. हा धरताना हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा राहतो, कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग पिळला जात नाही. पहिल्या आठवड्यात नेमकं टिपायला त्रास होतो, मग सवय होते. ट्रॅकबॉलमध्ये माउस जागेवरच राहतो आणि फक्त चेंडू फिरतो, त्यामुळे टेबलावर जागा नसणाऱ्यांनी तोही हाताळून पाहावा. पण अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर माउस बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

डीपीआयचं गणित

डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकवला तर कर्सर पडद्यावर किती ठिपके सरकेल, एवढंच. आता हिशेब करा. बहुतेकांचा पडदा १९२० ठिपके रुंद असतो. माउस ८०० डीपीआयवर असेल तर कर्सर या टोकापासून त्या टोकाला न्यायला २.४ इंच, म्हणजे सहा सेंटिमीटर हात हलवावा लागतो. ३२०० वर दीड सेंटिमीटर. आणि खोक्यावरच्या त्या ७२०० वर? सात मिलिमीटरही नाही. श्वास घेतला तरी कर्सर जागचा हलेल! अशा माउसने पत्रिकेवरच्या गणपतीच्या सोंडेची रेघ कोण ओढणार?

तेव्हा जास्त डीपीआय म्हणजे जास्त अचूक, हा समज डोक्यातून काढा. शिवाय स्वस्त माउसमध्ये मोठे आकडे बऱ्याचदा सेन्सरचे, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या भागाचे, नसतातच. सेन्सर कमीच मोजतो आणि माउसमधली चिप त्याला गुणून फुगवते. रोजच्या कामाला ८०० ते १६०० पुरे. तुमच्याकडे फोर-केचा, म्हणजे खूप जास्त ठिपक्यांचा, मोठा पडदा असेल तर थोडं वर जा. माउसवर डीपीआय बदलायचं बटण असेल तर उत्तम, म्हणजे बारीक कामाला कमी आणि इतर वेळी जास्त ठेवता येतं.

विंडोजमध्ये टिक करायची एक खिट्टी बहुतेक ठिकाणी चालूच असते, ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’. नावात प्रिसिजन असलं तरी तिचं काम वेगळं आहे: हात जोरात हलवला की ती कर्सर जास्त लांब नेते, हळू हलवला की कमी. त्यामुळे हाताच्या तेवढ्याच हालचालीला कर्सर दर वेळी वेगळा पळतो. रेखाटनाचं काम असेल तर माउसच्या सेटिंगमध्ये जाऊन ही खिट्टी काढा आणि कर्सरच्या वेगाची पट्टी मधोमध ठेवा. दोन-तीन दिवस विचित्र वाटेल, मग हात बसतो. नवीन माउसवर पैसे घालण्याआधी जुन्यावरच हे करून बघा. अनेकांचं काम इथेच भागतं.

पोलिंग रेटचं थोडक्यात सांगतो. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा कंप्युटरला आपली हालचाल कळवतो, गेमिंगचा हजार वेळा. गेम खेळत नसाल तर या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नका.

माउस कशावर फिरणार?

चेंडूवाला माउस होता तेव्हा पॅड सगळ्यांकडे असायचं. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये चेंडू नसलेला, प्रकाशावर चालणारा माउस बाजारात आणला आणि हळूहळू लोकांनी पॅड टाकून दिली. ही घाई झाली. या माउसच्या पोटात एक दिवा आणि एक इवलासा कॅमेरा असतो. दिवा तिरपा उजेड टाकतो आणि कॅमेरा खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो. दोन फोटोंमध्ये खुणा किती सरकल्या यावरून माउस किती सरकला हे ठरतं. म्हणजे पृष्ठभागावर खुणा असायला हव्यात.

आपल्याकडच्या दुकानांत टेबलावर जाड काच असते आणि काचेखाली देवाचे फोटो, कॅलेंडर, व्हिजिटिंग कार्डं. त्या काचेवर साध्या माउसला धरण्यासारखं काहीच सापडत नाही आणि कर्सर उड्या मारतो. चकचकीत ग्रॅनाइट आणि पांढऱ्या टाइल्सचंही तेच. दोष माउसला दिला जातो. दीडशे रुपयांचं कापडी पॅड आणा. पॅड येईपर्यंत जुन्या डायरीचा पुठ्ठाही चालतो. एकरंगी, बारीक विणीचं पॅड सगळ्यात बरं. ढोबळ, चमकदार चित्रं छापलेली टाळा.

वायरचा की बिनवायरचा

लोकांना हा प्रश्न फार मोठा वाटतो, पण तो तेवढा मोठा नाही. टेबलावरचा कंप्युटर असेल तर वायरचा घ्या, सेल बदलायची भानगड नाही. लॅपटॉप असेल तर बिनवायरचा. त्यातही यूएसबी पोर्टला बारीक रिसीव्हर लावायचा प्रकार सहसा ब्लूटूथपेक्षा भरवशाचा असतो. पण रिसीव्हर हरवला की कटकट होते, म्हणून काम झाल्यावर तो माउसच्या पोटातल्या खाचेत ठेवायची सवय लावा. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टजवळ रिसीव्हर लावला, त्यातून शेजारी पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क चालू असली, तर कर्सर अडखळू शकतो, कारण यूएसबी ३ चा रेडिओ लहरींचा गोंगाट रिसीव्हरच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा किंवा छोटी एक्स्टेन्शन वायर जोडून लांब ठेवा. सेल घातल्यावर वजन वाढतं, तेव्हा दुकानात सेल घालूनच हातात घ्या.

खानदेशचं ऊन आणि रुई

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की तळहात कोरडा राहत नाही. कूलर लावला तर खोलीत दमट हवा. अशा ठिकाणी मऊ रबरी लेप दिलेला माउस घेऊ नका. दुकानात तो हाताला फार छान लागतो, पण उष्णता, दमटपणा आणि घाम यांनी लेप विरघळल्यासारखा होतो आणि एक-दोन उन्हाळ्यांत माउस चिकट होऊन बसतो. पुसून उपयोग होत नाही. साधं, किंचित खरखरीत प्लास्टिक टिकतं. बाजूला खाचा असतील तर घामेजल्या बोटांतूनही निसटत नाही. बिनवायरचा माउस गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात सोडू नका, सेल फुटून आत पाझरतात.

जिनिंगच्या ऑफिसात दुसरीच तऱ्हा. हवेत रुईचे तंतू असतात आणि ते माउसच्या खालच्या भोकात शिरतात. एखादा तंतू सेन्सरसमोर लोंबकळला की हात स्थिर असतानाही कर्सर थरथरतो. चाकातही तंतू गुंडाळले जातात आणि पान खाली न्यायला गेलं की वर जातं. कोरड्या मऊ ब्रशने आठवड्यातून एकदा साफ करा. फुंकर मारू नका, थुंकी आत जाते. अशा जागी चारशेचा माउस दर दीड-दोन वर्षांनी बदलणं दोन हजारांचा घेऊन जपत बसण्यापेक्षा परवडतं.

दुकानातच तपासा

दुकानदाराच्या कंप्युटरला माउस लावायला सांगा आणि पेंट उघडा. पेन्सिल घेऊन एक वर्तुळ अगदी सावकाश काढा, मग एक तिरपी रेघ. रेघ मोठ्या पायऱ्यांनी, सारख्या अंतरावर मोडत असेल तर आकडा फुगवलेला असू शकतो (ठिपक्याएवढ्या बारीक पायऱ्या तिरप्या रेघेत असतातच). हात थरथरल्यानेही रेघ वाकडी होते, पण ती कुठेही वाकते, ठरावीक अंतरावर नाही. मग माउस वेगाने डावीकडून उजवीकडे न्या आणि तसाच परत आणा. कर्सर मध्येच भलतीकडे फेकला जाऊ नये.

आता डावं बटण दाबून एक फोल्डर पडद्याभर ओढत न्या. मध्येच सुटलं तर बटणाचा स्विच कच्चा आहे. एकदा दाबल्यावर दोनदा उघडत असेल तरी तेच. चाक फिरवताना प्रत्येक टप्पा बोटाला जाणवला पाहिजे. चाक दाबूनही बघा, काही माउसना तिथे फार जोर लावावा लागतो. शेवटी माउस उलटा करा. खालचे गुळगुळीत पाय नीट चिकटलेले आहेत ना? एखादा उचकटलेला असेल तर माउस एका बाजूने घासतो आणि नेमक्या जागी थांबत नाही.

घरी आणल्यावर

आपल्याकडच्या कंप्युटर टेबलाला कीबोर्डसाठी सरकता ट्रे असतो आणि त्यात माउसला जागाच नसते. मग कीबोर्ड खाली, माउस वर टेबलावर. खांदा दिवसभर उचललेला राहतो आणि दुखलं की लोक मनगटाला मलम लावतात! माउस कीबोर्डच्याच पातळीवर, त्याला लागून हवा. कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ. ट्रे अरुंद असेल तर आकड्यांचा भाग नसलेला छोटा कीबोर्ड घ्या. टॅलीवाल्यांना तो भाग लागतोच, त्यांनी ट्रेवर रुंद फळी ठोकून घ्यावी, सुताराचं अर्ध्या तासाचं काम.

बिल मात्र पक्कं घ्या. माउसवर कुठे एक वर्षाची, कुठे तीन वर्षांची वॉरंटी असते आणि डबल क्लिकचा बिघाड त्या मुदतीतही सुरू होऊ शकतो. बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मशीनच्या बिलावरची अक्षरं उन्हाळ्यात उडून जातात.