पाळीव सापाची कात अखंड निघण्यासाठी: नागपूरच्या हवेत घ्यायची काळजी

साप कात टाकतो तेव्हा माणसाने करायचं काम थोडंच असतं, आणि तेही कात सुटण्याच्या आठ-दहा दिवस आधी. निरोगी सापाची कात नाकाच्या टोकापासून सुटायला लागते आणि उलटा काढलेला मोजा जसा निघतो तशी शेपटीपर्यंत एकसंध उतरते. ती तुकड्यातुकड्यांत निघाली, शेपटीशी कडं अडकून राहिलं किंवा डोळ्यावरची चकती तशीच राहिली, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: त्या दिवसांत हवा कोरडी होती. नागपुरात मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत दुपारची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली जाते. इथल्या घरांत सर्वाधिक दिसणारा बॉल पायथन मूळचा आफ्रिकेचा, त्याला एरवीही ५५ ते ६० टक्के आर्द्रता लागते. त्यामुळे मुंबईत काहीही न करता साप नीट कात टाकतो म्हणून तो इथेही टाकेल, असं धरून चालू नका.

पुढचं सगळं परदेशी पाळीव सापांसाठी आहे. अजगर, मांडूळ, धामण, नाग असा कुठलाही भारतीय साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन आणि केनियन सँड बोआ साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

कात जवळ आल्याची खूण

आधी रंग मंद होतो आणि बॉल पायथनचं पोट गुलाबीसर दिसू लागतं. मग डोळे दुधाळ, निळसर होतात. जुन्या थराखाली नवी त्वचा तयार झालेली असते, दोन्हींच्या मध्ये द्रव साचतो, त्यामुळे हा धूसरपणा येतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला (वर म्हटलेली चकती) असतो आणि तोही कातीबरोबरच निघतो. तीन ते सात दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ दिसतात आणि त्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांत कात पडते. डोळे स्वच्छ झाले म्हणजे काम झालं असं समजून नेमकी याच वेळी ओल कमी केली जाते आणि कात अडकते. कात पडेपर्यंत ओल टिकवा.

वाढत्या वयाचा साप साधारण चार ते सहा आठवड्यांनी कात टाकतो, मोठा साप वर्षातून काही वेळाच.

पायरी १: आधी मोजा

काटा असलेले स्वस्त हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) भरवशाचे नसतात. डिजिटल आणि वायरला सेन्सर असलेला घ्या. सेन्सर टँकच्या (साप ठेवतो त्या पेटीच्या) छताला न चिकटवता साप बसतो त्या उंचीवर ठेवा, कारण वरच्या आणि खालच्या आकड्यांत मोठा फरक पडतो. रंग मंद झाल्या दिवसापासून बॉल पायथनसाठी ७० टक्क्यांच्या आसपास आणि कॉर्न स्नेकसाठी ६० ते ६५ टक्के आर्द्रता ठेवा. केनियन सँड बोआला कोरडी वाळू आवडते, म्हणून त्याचा पूर्ण टँक ओला करायचा नाही. त्याला पुढच्या पायरीतला डबा पुरतो.

पायरी २: ओलसर डबा

सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. झाकणाचा अपारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. बर्डी किंवा इतवारीत हवा तो आकार मिळतो. साप वेटोळं घालून बसल्यावर त्याचं अंग भिंतींना टेकेल एवढाच मोठा हवा, कारण ऐसपैस डब्यात साप बसत नाही. मीटरभर बॉल पायथनला साधारण ३० बाय २० सेंटीमीटरचा पुरतो. बाजूला भोक पाडा, सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट. त्याची कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. कड धारदार राहिली तर नवी, कोवळी त्वचा तिथेच फाटते.

आत चार-पाच सेंटीमीटर जाडीचा स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) घाला. तो नर्सरीत मिळतो. नाही मिळाला तर धुतलेलं, खत न मिसळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालतं. मॉस पाण्यात भिजवून मुठीत घट्ट पिळा. पुन्हा दाबल्यावर थेंब पडला तर ओल जास्त आहे. रोज हाताने तपासा, वास येऊ लागला की लगेच बदला.

डबा कुठे ठेवायचा हे ऋतूवर आहे. हिवाळ्यात तो टँकच्या उबदार बाजूला ठेवा. मे महिन्यात खोलीच चाळिशीकडे जात असेल तर थंड बाजूला, नाहीतर आत वाफारा होतो.

पायरी ३: खोलीची हवा

टँकचं झाकण जाळीचं असेल तर केलेली ओल तासाभरात उडून जाते. जाळीचा दोन-तृतीयांश भाग ॲल्युमिनियम फॉइलने किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्याने झाका. वर दिवा असेल तर त्याच्यापाशी मोकळी जागा सोडा. पाण्याचं भांडं साप आत बसू शकेल एवढं रुंद ठेवा आणि पाणी रोज बदला.

उन्हाळ्यात एसीपेक्षा कूलर बरा. तो थंडाव्याबरोबर ओलही देतो. मात्र झोत थेट टँकवर येऊ देऊ नका. एसी हवा कोरडी करतो, तिथे झाकलेली जाळी आणि ओलसर डबा हवाच. वरच्या मजल्यावर, स्लॅबखालची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली राहते, म्हणून टँक खालच्या खोलीत, जमिनीलगत ठेवा. नवतपात दुपारी वीज गेली की खोली झपाट्याने तापते. अशा वेळी सापाला जाड भिंतीच्या, सावलीच्या खोलीत हलवावं लागतं. त्याची तयारी आधीच करून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत उलट होतं. रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, आपण दिवा किंवा हीटर लावतो आणि तीच उष्णता हवा सुकवते. हीट मॅट (टँकखालची विजेची उबदार चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान नियंत्रकाशिवाय, कधीच लावू नका. बॉल पायथनला उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजूला २५ ते २७ अंश ठेवा.

पावसाळ्यात बाहेरच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तेव्हा फॉइल काढा, टँकमध्ये पाणी फवारत असाल तर तेही बंद करा. सतत ओल्या अंथरुणावर पोटाचे खवले तांबूस-तपकिरी होऊन सडायला लागतात, आणि हा आजार अडकलेल्या कातीपेक्षा फार वाईट आहे.

पायरी ४: साप उचलू नका

डोळे धूसर असताना सापाला नीट दिसत नाही, तो घाबरून चावू शकतो. पकडीच्या दाबाने आतली नवी त्वचाही दुखावते. बरेच साप या दिवसांत खात नाहीत. जबरदस्ती नको, कात पडल्यावर खाऊ द्या. टँकमध्ये एक खडबडीत फांदी किंवा धार नसलेला दगड असू द्या, साप त्यावर नाक घासून सुरुवात करतो.

पायरी ५: कात तपासा

पडलेली कात फेकण्याआधी उलगडून बघा. ती सुकून चुरगळली असेल तर दहा मिनिटं पाण्यात ठेवा, अलगद उघडते. उजेडात धरल्यावर डोक्याच्या भागात दोन गोल, पारदर्शक चकत्या दिसल्या पाहिजेत. तिथे भोकं असतील तर चकत्या सापाच्या डोळ्यांवरच राहिल्या आहेत. दुसरं टोक टोकदार आणि बंद हवं. उघडं असेल तर शेपटीचं टोक तपासा. कात सापापेक्षा लांब भरते, तेव्हा लांबीवरून गैरसमज करून घेऊ नका.

पायरी ६: अडकली तर

एक दिवस थांबा, ओल वाढवा. तरीही तुकडे राहिले तर भोकं पाडलेल्या झाकणाच्या टबमध्ये तळाशी टॉवेल अंथरून २८ ते ३० अंशांचं पाणी घ्या, सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीएवढंच. इथे एक धोका ओळखा: मे महिन्यात छतावरच्या टाकीचं पाणी नळातून चटका लागेल इतकं गरम येतं. थर्मामीटरने मोजल्याशिवाय साप त्यात सोडू नका. वीस ते तीस मिनिटं ठेवा आणि तेवढा वेळ तिथेच बसा.

मग ओला टर्किश टॉवेल हातात सैल धरा आणि साप त्यातून पुढे सरकू द्या. भिजलेली कात त्याच्या हालचालीनेच निघते. कोरडी कात ओढली तर नवे खवलेही उखडतात. शेपटीवरचं कडं मात्र दुर्लक्षित करू नका. ते सुकून आवळतं, रक्तपुरवठा थांबतो आणि टोक काळं पडून गळतं. त्यावर ओला कापूस दहा मिनिटं गुंडाळा, मग अंगठ्याने टोकाच्या दिशेने हळूहळू लोटा.

डोळ्याला चिमटा, नख, चिकटपट्टी काहीही लावू नका. राहिलेली चकती बहुधा पुढच्या कातीबरोबर निघते, फक्त त्या वेळी ओल पुरेशी हवी. डोळा नुसता खळगा पडल्यासारखा दिसत असेल तर ती पाण्याची कमतरताही असू शकते. तेल, हळद, व्हॅसलीन यांचं काम नाही.

डॉक्टरकडे कधी

दोन दिवस भिजवूनही तुकडे निघाले नाहीत, दोन कातींच्या चकत्या एकावर एक साचल्या, शेपटीचा रंग बदलला किंवा पोटावर फोड दिसले तर थांबू नका. ओल बरोबर असूनही प्रत्येक कात अडकत असेल तर माइट्स (सापाच्या अंगावर राहून रक्त शोषणारे बारीक जीव) तपासा. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली आणि पाण्याच्या भांड्यात बारीक काळे ठिपके दिसतात. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध अंदाजाने मारू नका, त्यातून साप दगावू शकतो. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाण्याआधी सापांवर उपचार करणारे डॉक्टर कधी असतात ते फोन करून विचारा. जाताना कात डब्यात घालून न्या, आणि तापमान-आर्द्रतेचे आठवडाभराचे आकडे लिहून न्या.

घराच्या आवारात दुधाळ डोळ्यांचा रानटी साप दिसला तर त्याला हात लावू नका, भिजवू नका. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा आणि तज्ज्ञ येईपर्यंत लांबून नजर ठेवा.