धानाच्या तुसाची राख: काळी रोपवाटिकेला, पांढरी विटांना

पूर्व विदर्भात धानाची मळणी उरकली की राईस मिलच्या मागे तुसाचे ढीग लागतात आणि त्याच सुमारास कच्च्या विटा पाडायलाही सुरुवात होते. एक क्विंटल धान भरडलं की साधारण २० किलो तूस निघतं, ते पुरतं जळलं तर ४ किलोच्या आसपास राख उरते. या पांढऱ्या राखेत बहुतेक सिलिकाच असते. मातीतल्या क्षारांसोबत ती भट्टीत थोडी वितळते आणि कणाला कण धरून ठेवते.

आधी माती बघा. काळ्या, चिकण मातीची वीट वाळताना आकसते आणि तडकते. तिथे राखेचा खरा उपयोग. रेताड मातीत मात्र राख घालू नका. तिला हवा असतो चिकटपणा, तो राखेत नाही; वीट उलट ठिसूळ होते.

तूस कडक वाळवून बारीक जाळीच्या पिंजऱ्यात भरा, मधोमध भोकं पाडलेला पत्र्याचा पाइप उभा करा आणि सावकाश धुमसू द्या. रॉकेल ओतून भडका करू नका. आच ७०० अंशांच्या वर बराच वेळ राहिली तर सिलिकाचे स्फटिक होऊ लागतात: मातीशी मिसळून येत नाहीत आणि त्यांची धूळ फुफ्फुसाला घातक. राख चाळताना तोंडाला मास्क हवाच. ढीग आपोआप थंड होऊ द्या. पाणी मारलं की आतला भाग काळा राहतो. काळ्या राखेतला कोळसा भट्टीत जळून जातो आणि विटेत भोकं ठेवतो. ती वाया मात्र जात नाही. भाताच्या गादीवाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळा, रोपं दणकट होतात.

पांढरी राख पिठाच्या चाळणीने चाळा. १०० किलो कोरड्या मातीला ५ किलो पुरे. कोरडंच मिसळा, मग पाणी; राख पाणी ओढते, म्हणून चिखल रात्रभर मुरवून सकाळी पुन्हा तुडवा. विटा पहिले दोन-तीन दिवस सावलीत वाळवा.

सगळा घाणा एकदम करू नका. बिनराखेच्या, ५ टक्क्यांच्या आणि १० टक्क्यांच्या सहा-सहा विटा खूण करून भट्टीत एकाच थरात लावा. भाजल्यावर कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. तीन किलोच्या विटेने ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर ते प्रमाण सोडा. १० टक्क्यांची वीट हाताला हलकी लागते म्हणून भुलू नका, बहुतेक वेळा तीच जास्त पाणी पिते.

पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांची, राख यात मिसळू नका. तिच्यात पालाश आणि चुना जास्त. भिंतीवर पांढरा फुलोरा येतो आणि चुन्याचा खडा राहिला तर पावसाळ्यात विटेचा टवका उडतो. ती शेतातच टाका.