या चुका टाळा: सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडं महिन्याला दोन-तीन पोरं तरी लॅपटॉप घेऊन येतात. "सर, कालपर्यंत चालत होतं, आज चालेना." काय केलंस विचारलं की उत्तर ठरलेलं: "काहीच नाही." टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) हिस्ट्री वर सरकवली की 'सुडो पिप इन्स्टॉल' (पायथनच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोड, सिस्टिमचे अधिकार वापरून बसवायची कमांड) पंगतीला बसल्यासारखे ओळीनं बसलेले असतात.

उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा येते, ती तुमच्यासाठी आलेली नसते. उबुंटूच्या २०.०४ आवृत्तीत पायथन ३.८, २२.०४ मध्ये ३.१०, २४.०४ मध्ये ३.१२, असं जे काही असेल ते उबुंटूच्या स्वतःच्या कामाचं. तिची बरीच अवजारं त्यावरच चालतात. आपण तिथं भाडेकरू, आणि भाडेकरूनं घरमालकाच्या चुलीवर आधण ठेवायचं नसतं.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, तोंडावर पडून शिकलोय. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वजनकाट्याच्या पावत्या काढणारी माझी स्क्रिप्ट होती, मशीन उबुंटू २०.०४. महिन्याच्या हिशोबाची दुसरी स्क्रिप्ट लिहिली, त्यात दोन डिक्शनऱ्या (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या याद्या) उभ्या रेघेच्या चिन्हानं जोडल्या होत्या. ती सोय ३.९ पासूनची. मग ३.९ बसवलं. इथवर ठीक होतं. पण दरवेळी 'पायथन ३.९' कोण टाइप करणार? म्हणून 'पायथन३' ही कमांड कुठलं पायथन चालवते ते ठरवणारी लिंकच ३.८ वरून उचलून ३.९ वर टाकली. नवी स्क्रिप्ट पळाली, मी खुशीत घरी.

सकाळी आठला काट्यावरच्या माणसाचा फोन. "दादा, पावती निघंना. बाहेर भंगाराच्या तीन गाड्या लागल्यात." जाऊन बघतो तर टर्मिनलच उघडेना. आयकॉनवर क्लिक केलं की चक्र फिरायचं आणि गप्प व्हायचं. कारण त्या उबुंटूत टर्मिनल सुरू करणारी फाईल हीच एक पायथन स्क्रिप्ट आहे. तिला लागणारं मॉड्यूल (कोडचा तयार तुकडा) ३.८ साठी कंपाइल केलेलं, आणि मी तिच्या हाती ३.९ दिलेलं. पावतीच्या स्क्रिप्टचंही तेच. तिच्या लायब्ररी पिपनं ३.८ च्या फोल्डरात टाकलेल्या, ३.९ ला त्या दिसतच नव्हत्या. आदल्या संध्याकाळी मी फक्त नवी स्क्रिप्ट तपासली होती.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन केलं आणि लिंक परत ३.८ वर नेली. पाच मिनिटांचं काम, पण कारण सापडेपर्यंत दोन तास गेले आणि गाडीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. मग नव्या स्क्रिप्टसाठी 'पायथन३.९ डॅश एम व्हेन्व्ह' करून वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या स्क्रिप्टपुरतं पायथन आणि लायब्ररींचं स्वतंत्र फोल्डर, बनवलं. ते आदल्या दिवशी केलं असतं तर अर्धा मिनिट लागलं असतं.

आता पिप स्वतःच अडवतं. डेबियन (उबुंटू जिच्यावर बेतलीय ती लिनक्स) १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला गेलं की 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते. त्याच संदेशात खाली अडवणूक मोडायचा पर्याय दिलेला असतो, 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस'. पोरं संदेशातलं बाकी काही वाचत नाहीत, तेवढं बरोबर कॉपी करतात. अरे, नावातच सांगितलंय की मोडेल म्हणून!

दुसरी चूक, जिचा मला खरोखर वैताग आहे: व्हेन्व्हचं फोल्डर पेनड्राइव्हवरून मित्राला देणं. किंवा ते गिटमध्ये (कोडचे बदल जपून ठेवणाऱ्या अवजारात) चढवणं. एन्व्हायर्नमेंटच्या आत पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. त्यातल्या पिपच्या फाईलची पहिली ओळ उघडून बघा, तुमच्या होम फोल्डरापासूनचा अख्खा रस्ता दिसेल. त्यामुळं दुसऱ्याच्या मशीनवर सोडाच, आपल्याच मशीनवर 'प्रोजेक्ट फायनल' चं नाव 'प्रोजेक्ट फायनल २' केलं तरी पिप रुसतं. विंडोजवर बनवलेलं तर लिनक्सवर चालायचा प्रश्नच नाही, आतली फोल्डरंही वेगळी असतात.

माझी सवय अशी. एन्व्हायर्नमेंट प्रोजेक्टच्या फोल्डरातच, नाव कायम 'डॉट व्हेन्व्ह', आणि गिटनं काय वगळायचं ते सांगणाऱ्या गिटइग्नोर फाईलीत त्याची नोंद पहिल्याच दिवशी. रिक्वायरमेंट्सची, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींची, फाईल हातानं लिहितो, मी स्वतः मागितलेल्या लायब्ररी तेवढ्याच, आवृत्तीसकट. पिप फ्रीझचा, म्हणजे बसलेल्या सगळ्या लायब्ररींच्या यादीचा, लांबलचक मजकूर वेगळ्या फाईलीत. मग शंका आली की दुरुस्तीच्या नादाला लागत नाही, डॉट व्हेन्व्ह उडवायचं आणि नव्यानं बनवायचं. ज्याला ते उडवायची भीती वाटते, त्यानं रिक्वायरमेंट्स नीट लिहिलेल्या नाहीत असं समजा.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या.

नुसतं 'पिप' टाइप करू नका, ते कुठल्या पायथनचं हे तुम्हाला माहीत नसतं. 'पायथन डॅश एम पिप' म्हणा. टर्मिनलमध्ये चालतं आणि व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये नाही? खाली उजव्या कोपऱ्यात इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारं पायथन, कुठला निवडलाय ते बघा.

पायएन्व्ह, म्हणजे पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बसवणारं अवजार, पायथन सोर्सपासून (मूळ कोडपासून) कंपाइल करतं. एसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाइट या लायब्ररींची डेव्ह पॅकेजं (कंपाइल करताना लागणाऱ्या फाईली) आधी टाका. एसएसएल किंवा झेडलिब नसेल तर कंपाइल करणंच फसतं, लिबएफएफआय किंवा एसक्यूलाइट नसेल तर पायथन बसल्यासारखं दिसतं आणि ते मॉड्यूल लागलं की 'मॉड्यूल नाही' म्हणून रडतं. नुसती ती पॅकेजं नंतर टाकून भागत नाही, ती आवृत्ती परत कंपाइल करावी लागते.

नवी आवृत्ती आली की त्याच आठवड्यात तिच्यावर उडी मारणारे तर लयच. लायब्ररीवाल्यांनी तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) दिलेलं नसतं, मग पिप सोर्स कंपाइल करायला घेतं आणि स्क्रीन लालभडक. ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल काढून टाकलं तेव्हा जुन्या प्रोजेक्टवाल्यांची अशीच पळापळ झाली. मी साधारण वर्षभर मागं राहतो, माझं काही अडलेलं नाही.

यामल (सेटिंग्ज लिहायच्या) फाईलीत पायथनची आवृत्ती म्हणून ३.१० लिहिताना अवतरणचिन्हं द्या, नाहीतर ते ३.१ होतं. यात माझी एक अख्खी दुपार गेलीय.

आणि विंडोजवर तीन-तीन पायथन असतील तर 'पाय डॅश शून्य' टाइप करा, मशीनवर काय काय बसलंय त्याची यादी मिळेल. ती बघितल्याशिवाय चौथं बसवायला घेऊ नका.