भोयांच्या सोबतीने नदीतले मासे ओळखायला शिकताना

दख्खनच्या महसीर माशाची पहिली शास्त्रीय नोंद १८३९ मध्ये झाली, ती पुण्याच्या मुळा-मुठेतून. त्या नदीची आजची प्रदूषित अवस्था पाहिली की, मासा ओळखायचा तर आधी त्याचे पाणी ओळखावे लागते, हे निराळे सांगावे लागत नाही. त्यासाठी नदीतल्या मासेमारीवर पोट असलेल्या एखाद्या अनुभवी भोईकाकांना सोबत घ्यावे आणि त्यांच्या वेळेचा मोबदला आधीच ठरवावा. जलाशयात जायचे असल्यास तेथील मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी घ्यावी. पावसाळ्यात वलगणीचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढत असतात, म्हणून तेव्हा गळ टाकू नये. दिवाळीनंतर पाणी निवळते, तो काळ उत्तम.

काठावर पोहोचताच गळ काढण्याची घाई करू नये. खळाळ कोठे आहे, डोह कोठे सुरू होतो, कपारी कोणत्या बाजूला आहेत, हे काकांसोबत चालत पाहावे आणि कोणत्या जागी, कोणत्या वेळी, कोणता मासा सापडतो व तो तेथेच का राहतो, हे विचारावे. मासा हाती आल्यावर या उत्तरांचा पडताळा त्याच्या शरीरावरच मिळतो. वेगवान पाण्यातल्या मळ्याचे तोंड खालच्या बाजूला असते आणि हनुवटीजवळच्या चकतीने तो खडकाला धरून राहतो. सापासारखी लांबट वाम दिवसा दगडांच्या फटींत दडते आणि रात्री बाहेर पडते. मरळ मात्र हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या संथ, गवताळ पाण्यातही तो तगतो. मरळाची जोडी आपल्या पिल्लांची राखण करते. पृष्ठभागाजवळ तांबूस पिल्लांचा थवा दिसला, तर तेथे गळ टाकणे मला अक्षम्य वाटते, कारण पालक मासा उचलला की तो सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

गळाला उलटा काटा नसावा. हात ओले करूनच मासा धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. शक्यतो तो पाण्यातच ठेवून तोंडाची ठेवण, मिशा, खवले आणि शेपटी पाहावी, एखादे छायाचित्र घ्यावे आणि लगेच सोडावा. वहीत माशाचे स्थानिक नाव, तळ वाळूचा की दगडांचा, पाण्याचा वेग आणि वेळ लिहावी. एखाद्या टप्प्यात चिलापीच चिलापी मिळू लागली, तर तीही महत्त्वाची नोंद आहे. बाहेरून आलेला हा मासा बिघडलेल्या पाण्यातही फोफावतो. चिलापी किंवा आफ्रिकी मागूर मिळाल्यास मात्र पुन्हा नदीत सोडू नये.

मोठे महसीर पाहायचे असतील, तर गळ घरीच ठेवून महाडजवळच्या वाळणकोंडीला किंवा वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे येथे जावे. तेथील डोहांतले मासे देवाचे म्हणून गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखले आहेत, आणि काठावरूनच त्यांचे खवले व हालचाली स्पष्ट पाहता येतात.