भूतानला निघण्याआधी

भूतानच्या खर्चाचं गणित दिवसांवर नाही, रात्रींवर मांडा. भारतीय पर्यटकाला तिथे दर रात्री माणशी 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना ते निम्मं, त्याहून लहानांना माफ. चौघांच्या कुटुंबाला एक रात्र वाढवणं किती महागात पडतं ते लगेच कळेल! हॉटेल, गाडी, जेवण यांचा खर्च वेगळाच.

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. आधार कार्डावर प्रवेश मिळत नाही, आणि नेमके इथेच लोक फसतात.

चलन न्गुल्ट्रम, किंमत रुपयाइतकीच. आपल्या नोटा तिथे सहज चालतात, पण त्यांच्या नोटा भारतात चालत नाहीत. म्हणून परतताना सुटे संपवून या. घड्याळ अर्धा तास पुढे करा.

रस्त्याने जाणार असाल तर सीमेवरच्या फुंटशोलिंगहून राजधानी थिंफूला एकाच दिवसात सुमारे 2000 मीटर चढता. पहिली संध्याकाळ मोकळी ठेवा, भरपूर पाणी प्या. पारोचं तक्त्सांग, म्हणजे कड्याला चिकटलेला तो प्रसिद्ध मठ, 3100 मीटरच्या आसपास आहे. तो शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवावा, असं माझं मत. तोवर शरीर विरळ हवेला सरावतं. दिल्लीहून विमानाने पारोला जात असाल तर डावीकडची खिडकी मागा. आभाळ स्वच्छ असलं तर एव्हरेस्ट दिसतं.