खांदा निखळला तर ओढू नका

कबड्डीच्या स्पर्धा असल्या की मी मैदानाच्या कडेला बसते. फिजिओथेरपिस्ट आहे, इचलकरंजीजवळ छोटं क्लिनिक आहे. माझ्या पिशवीत बर्फ, क्रेप बँडेज, दोन त्रिकोणी फडकी असतात. शिवाय एक लिंबू, एक पसरट चमचा, चार रबर आणि डबीत कणकेचा गोळा. हे मुलांना दाखवायला. खांदा कसा टिकतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की निखळल्यावर काय करायचं ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

शाळेत आपण ‘उखळीचा सांधा’ शिकलो. एका हाडाचं टोक चेंडूसारखं, दुसऱ्या हाडात त्याला बसायला खोलगट जागा. अंगात असे मोठे सांधे दोनच जागी, खुब्यात आणि खांद्यात. खुबा खरोखरच उखळासारखा खोल आहे, मांडीच्या हाडाचा निम्म्याहून जास्त गोळा आत रुततो. खांद्याचं उखळ मात्र नावापुरतं. खांद्याच्या पात्यावरची ती जागा इतकी उथळ, की दंडाच्या हाडाचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश गोळा तिला टेकतो. लिंबू-चमच्याच्या शर्यतीतलं लिंबूच ते. म्हणून तर हात गोल फिरतो, पाठीमागे जातो, झाडावरचा आंबा काढतो. आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त निखळतो तोही खांदाच.

मग रोज का निखळत नाही? मी कणकेची बारीक वळी करून चमच्याच्या काठावर गोल दाबून बसवते. लगेच चमचा खोल होतो, लिंबू सहज घरंगळत नाही. खांद्यात ही वळी म्हणजे लॅब्रम, चिवट कुर्चेसारखी कड. मग चार रबरांनी लिंबू चमच्याला बांधते. ते रोटेटर कफचे चार स्नायू. हात कुठेही जाऊ दे, ते गोळ्याला सतत मध्यावर ओढून धरतात. दंडाचे फुगलेले स्नायू आरशात दिसतात, हे चार दिसत नाहीत. त्यामुळे मुलं त्यांचा व्यायाम करत नाहीत, आणि मला दर हंगामात तेच तेच सांगावं लागतं.

आता चढाईपटूला आठवा. पकड झाली आहे, पाय मागे अडकलेत, तो पालथा पडून मध्यरेषेकडे हात ताणतो. हात डोक्याच्या वर, बाहेर वळलेला. तेवढ्यात बचावातला एक गडी त्याच्या दंडावर आदळतो, हात मागे रेटला जातो. गोळा चमच्याच्या पुढच्या काठावरून बाहेर घसरतो. शंभरात पंच्याण्णव खांदे असे पुढेच निखळतात. जाताना तो पुढची कणकेची वळी उचकटून नेतो. लिंबाची मागची बाजू चमच्याच्या धारेवर आपटते आणि तिला खाच पडते. वळी फाटलेली, लिंबाला खाच. पुढच्या वेळी घसरायला मग तेवढा जोर लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्यासमोर असाच पडला. उठून बसला तो डाव्या हाताने उजवं कोपर धरूनच. खांद्याचा गोलवा गेलेला, वरचं हाड कोपऱ्यासारखं पुढे आलेलं, त्याच्या खाली खळगा. हात अंगाला टेकेना. त्याचे काका गर्दीतून आले, बाही सरसावत म्हणाले, “ताई, सरका जरा. दोन मिन्टात बसवतो. आमच्यात असंच वडून बसवत्यात.”

त्यांची माया मला दिसत होती. तरी मी हात लावू दिला नाही. त्याआधी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलाचा खांदा, मी पोचायच्या आत, लोकांनी मैदानावरच ओढून बसवला होता. बसला, टाळ्याही झाल्या. पण त्याला पाच महिने हात बाजूने वर उचलता येत नव्हता. काखेतून वळसा घालून खांद्याच्या बाहेरच्या अंगाला जाणारा मज्जातंतू दुखावला होता. तो निखळतानाच दुखावला की ओढताना, हे कधीच कळलं नाही, कारण ओढण्याआधी कुणी तपासलंच नव्हतं. शिवाय हाड नुसतं निखळलंय की मोडलंयसुद्धा, हे एक्स-रेशिवाय मलाही कळत नाही. मोडलेलं हाड ओढलं तर काय होईल, ते सांगायला नको.

तर मैदानावर एवढंच करा. खेळाडूला बसतं करा, हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत राहू द्या. अंगाला दाबून बांधायला जाऊ नका. काख आणि दंडाच्या मध्ये जी फट राहते तिच्यात टॉवेलची गुंडाळी किंवा छोटी उशी भरा, मग ओढणीची किंवा उपरण्याची झोळी गळ्यात बांधा. अंगठी, कडं, हातातला दोरा लगेच काढा, सूज आली की कापावा लागतो. मनगटाची नाडी बघा, दुसऱ्या हाताशी ताडून. बोटं हलवायला सांगा. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे शर्टाच्या बाहीची शिवण येते त्याच्या जरा खाली, बोट फिरवा आणि विचारा, “दोन्हीकडे सारखंच कळतंय का?” बधिर वाटलं तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा. बोटं गार, पांढरी-निळी पडली किंवा नाडी लागेना, तर एक मिनिटही घालवू नका. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. चहा, पाणी, बिस्किट काहीही देऊ नका, कारण खांदा बसवताना गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं. आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. गाडी मिळत नसेल तर 108 ला फोन करा.

त्या मुलाला आम्ही तसंच नेलं. एक्स-रे झाला, औषधाने स्नायू सैल पडले, आणि डॉक्टरांनी हळूहळू हात फिरवत गोळा आत सरकवला. काका शेजारी उभे होते. जोर लावलाच नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलं. त्यानंतर पुन्हा एक्स-रे.

खरं काम इथून पुढे असतं, आणि बहुतेक घरांत इथेच ते सुटतं. दुखणं आठवड्यात उतरतं, मुलगा म्हणतो बरा झालो. वीस वर्षांच्या आतल्या, अंगाला अंग भिडवून खेळणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून अधिक खांदे पुन्हा निखळतात. झोळी डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण एक ते तीन आठवडे. त्यातही बोटं, मनगट, कोपर रोज हलवायचं. हात वर आणि मागे नेणं सहा आठवडे बंद, शर्टसुद्धा दुखरा हात आधी घालून चढवायचा. मग कोपर अंगालगत, काखेत टॉवेलची घडी धरून भिंतीवर हाताने नुसता दाब द्यायचा. त्यानंतर रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढायचा. त्याच्या पुढे जोर, तेही भिंतीला हात टेकून. मैदानात परतायचं ते साधारण तीन-चार महिन्यांनी, तेही दोन्ही हातांची ताकद सारखी झाली आणि हात वर-मागे नेताना चेहऱ्यावर भीती उमटली नाही तरच. ती भीती मी चाचणी म्हणून पाहते. ती दिसली तर वळी अजून सुटलेली असण्याची शक्यता मोठी.

चाळिशीपुढच्यांचं वेगळं. त्यांची वळी कमी, रबर जास्त तुटतात. सांधा बसल्यावरही हात वर जाईना, तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या. आणि त्यांनी हात फार दिवस झोळीत ठेवू नये, मधुमेह असेल तर झोळी मुळीच लांबवू नये, खांदा आखडतो.

खुब्याबद्दल थोडंच. तो निखळायला मोटार अपघातासारखा मार लागतो: गुडघा डॅशबोर्डवर आपटला की गोळा मागे जातो. पाय आखूड, आत वळलेला दिसतो. गोळ्याचा रक्तपुरवठा धोक्यात असतो, म्हणून सहा तासांच्या आत तो जागेवर यायला हवा. पुढच्या सीटवर बसून पाय डॅशबोर्डवर टाकणाऱ्यांना मी गाडी थांबवून सांगते. घरात आजी पडली आणि पाय आखूड होऊन बाहेर वळला असेल, तर बहुधा खुब्याचं हाड मोडलं आहे. तिला उभं करून बघू नका.

त्या मुलाने पाचव्या महिन्यात पहिली चढाई केली. त्याआधी काका त्याला रोज संध्याकाळी रबरी पट्ट्यासमोर उभं करायचे आणि काखेतला टॉवेल खाली पडला की पहिल्यापासून मोजायला लावायचे.