गरोदरपणात थायरॉइड कमी असेल तर गोळ्यांचं वेळापत्रक कसं बसवायचं

थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. दिवस गेले की थायरॉइड हार्मोनची गरज साधारण 25 ते 50 टक्क्यांनी वाढते आणि ती वाढ चौथ्या ते सहाव्या आठवड्यातच सुरू होते, बाळाची स्वतःची ग्रंथी मात्र पाचव्या महिन्याच्या आसपास नीट कामाला लागते, तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारा माल मुख्यतः आईकडूनच जातो. म्हणून बरेच डॉक्टर फोनवरच सांगतात की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्या, म्हणजे दोन दिवस डबल. हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तरच करायचं. बाळाचा विचार चालू असतानाच विचारून ठेवलंत तर सगळ्यात बरं, आणि टीएसएच (रक्तातला तो आकडा, जो थायरॉइड कमी पडला की वाढतो) 2.5 च्या खाली आणून मग पुढे जा.

"गरोदरपणात कसल्या गोळ्या, बाळाला बाधतील" असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. ऐकून सोडून द्या. या गोळीतलं औषध, लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपली ग्रंथी जे टी फोर हार्मोन बनवते तेच, फक्त गोळीतून. गोळी बंद केली तर मात्र गर्भपात, वाढलेलं बीपी, वेळेआधी डिलिव्हरी हे धोके खरंच वाढतात.

टेस्टचं सोपं आहे: विसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, मग तिसाव्याच्या आसपास किमान एकदा. गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन दिवस आधी बंद, त्याने आकडे चुकीचे येऊ शकतात. रिपोर्ट हातात आला की छापलेल्या रेंजकडे बघून खूश होऊ नका, ती बहुतेकदा गरोदर नसलेल्या माणसांची असते, वरची हद्द चार-साडेचारच्या पुढे, त्यामुळे 3.9 समोर ठळक अक्षर नाही की बाण नाही आणि घरात सगळे म्हणतात नॉर्मल आहे. गोळी चालू असलेल्या गरोदर बाईला साधारण 2.5 च्या खालचा आकडा हवा असतो. उलट पहिल्या तिमाहीत टीएसएच थोडा जास्तच खाली गेला तर तो गरोदरपणातल्या हार्मोनमुळेही जातो, घाबरून स्वतःच डोस कमी करू नका.

आता खरी कटकट. गोळी घेणं अवघड नाही, ती बाकीच्या गोळ्यांपासून लांब ठेवणं अवघड आहे. माझं घोडं इथेच अडलं होतं, गोळी रोज वेळेवर जात होती आणि तरी टीएसएच खाली येईना. "उपाशीपोटी घ्या" एवढंच सगळे सांगतात, अर्धाच सल्ला आहे तो. लोह आणि कॅल्शियम पोटात या गोळीला धरून बसतात आणि ती रक्तात पुरेशी जातच नाही. चार तासांचं अंतर पाहिजे म्हणजे पाहिजे, अर्ध्या तासाने भागत नाही.

आणि लोह काय फक्त लोहाच्या गोळीत असतं असं नाही. मल्टिव्हिटॅमिनची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा, फेरस अमुक, कॅल्शियम कार्बोनेट तमुक दिसलं की तीही त्याच यादीत. छातीत जळजळतंय म्हणून चघळायची अँटासिडसुद्धा त्यातच, ती तर कुणी औषधात धरतच नाही. सोयाचे पदार्थ आणि कॉफीही गोळीला लागून नकोत.

मग बसवायचं कसं? सकाळी मळमळ नसेल तर उठल्याउठल्या साध्या पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी, तासाभराने चहा-नाश्ता, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, रात्री लोह. लोह आणि कॅल्शियम एकमेकांनाही आडवे येतात, म्हणून ते वेगळे. सकाळी उलट्या होत असतील तर उपाशीपोटी गोळी गिळायचा हट्ट सोडा, सरळ रात्रीवर न्या: रात्रीचं जेवण लवकर, त्यानंतर किमान तीन तास काही खायचं नाही आणि झोपताना गोळी. अशा वेळी लोह संध्याकाळी लवकर उरकायचं, आणि झोपताना दूध प्यायची सवय असेल तर ती बंद. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर परत घ्यायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही. कधी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, हे औषध शरीरात बरेच दिवस टिकतं, एका चुकलेल्या गोळीने काही बिघडत नाही. रोज वेगवेगळ्या वेळी घेतल्याने मात्र बिघडतं.

माझं ठाम मत सांगते, टीएसएच उतरत नाही म्हणून डोस वाढवायची वेळ आली की डॉक्टरांसमोर दिवसभरातल्या सगळ्या गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा. ओपीडीच्या गर्दीत हा प्रश्न विचारला जाईलच असं नाही. वेळा बदलल्यात तर तेही सांगा, कारण नीट शोषली जायला लागली की तोच डोस जास्त होऊ शकतो.

ब्रँड शक्यतो एकच ठेवा, आणि स्ट्रिपवर 25 आहे की 50 मायक्रोग्रॅम ते दुकानातच बघा. आयोडीन दिवसाला एकूण 250 मायक्रोग्रॅम लागतं, पण "थायरॉइड सपोर्ट" नावाने मिळणाऱ्या पावडरी आणि समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊ नका, जादा आयोडीन बाळाच्या ग्रंथीला त्रास देतं.

डिलिव्हरीनंतर डोस सहसा लगेच आधीच्या मात्रेवर येतो आणि सहा आठवड्यांनी टीएसएच. गोळी गरोदरपणातच सुरू झाली असेल तर चालू ठेवायची का हे विचारा. अंगावर पाजताना ती खुशाल घ्या. लोह-कॅल्शियम तेव्हाही चालूच असतं, म्हणजे चार तासही चालूच. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइडची टेस्ट झाली का ते घरी निघायच्या आधी विचारून घ्या. आणि पुढच्या काही महिन्यांत धडधड, हातांना कापरं, नाहीतर नुसता गळाठा जाणवला तर जागरणावर ढकलू नका, डिलिव्हरीनंतर ग्रंथीला सूज येऊन आकडे वरखाली होतात, टीएसएच परत करून घ्या.